3200 की 2400?

सिल्वासात येऊन मला चाळीस वर्षं होत आली. बदलीवर आलो आणि इथलाच झालो. आजचं लिखाण कॉम्प्युटरबद्दल आहे, थोडं घरचंही आहे.

आमच्या हिला गेली दोन वर्षं विसरायला होतं. डॉक्टर म्हणाले, जुने फोटो दाखवा, गप्पा मारा, परीक्षा घेऊ नका. मी सगळे अल्बम स्कॅन करून घेतले. संध्याकाळचा चहा झाला की आम्ही दोघं कॉम्प्युटरसमोर बसतो. पण आमचा 2018 चा डेस्कटॉप फोटो उघडायला इतका वेळ घ्यायचा, की तोवर ती विचारायची, "अहो, आपण काय बघत होतो?"

किलवणी नाक्याजवळच्या एका दुकानात गेलो. "काका, 3200 ची रॅम टाका, एकदम फास्ट!" खिशात हात घातलाच होता, पण जन्मभर कर्जाचे कागद तपासले, न वाचता सही करायची सवय नाही. घरी येऊन पुण्याच्या भाच्याला फोन लावला.

"मामा, टास्क मॅनेजर उघडा. परफॉर्मन्समध्ये मेमरी बघा." तिथे दिसलं: 4 जीबी, डीडीआर4, वेग 2400, वापर 90 टक्क्यांच्या वर.

"तुमचा आय3-8100 प्रोसेसर 2400 पर्यंतच चालवतो. 3200 ची लावलीत तरी ती 2400 नेच धावेल. तुमची अडचण वेगाची नाही, जागेची आहे. रॅम भरली की कॉम्प्युटर हार्ड डिस्ककडे धावतो, आणि ती फार संथ."

शिवाय दोन वेगांच्या पट्ट्या एकत्र लावल्या, तर दोन्ही कमी वेगवाल्या पट्टीच्या चालीने चालतात, हेही त्यानेच सांगितलं. मला बँक आठवली. रंगराजन समितीच्या 1984 च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं आली. यंत्र भराभर चालायचं, पण ताळा जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. सगळ्यात हळू हात थांबला की शाखा बंद.

8 जीबीची 2400 ची पट्टी घेतली, जुनी शेजारी तशीच ठेवली. आता फोटो चटकन उघडतो. ही म्हणाली, "राम राम म्हणायच्या वयात रॅम कसली आणता?" फार दिवसांनी अशी कोटी केली तिने.

खरं सांगायचं तर कॉम्प्युटर अडकायचा तेव्हा मी तिच्यावरच चिडायचो. "लवकर सांग ना, कोण आहे हा?" एकदा ती रडली. आता फोटो उघडला की मी गप्प बसतो.

परवा दमणगंगेच्या काठावरचा फोटो होता. पाच मिनिटं गेली. मग म्हणाली, "पाणी गार होतं. तुमची एक चप्पल वाहून गेली होती."

मी ते पार विसरलो होतो.