काटे किती द्यावेत?

लॉस एंजेलिसला भाच्याच्या मोटारीत निक वायगर आणि माइक मिचेल या विनोदवीरांचा ‘डोबॉईज’ पॉडकास्ट ऐकला. २०१५ पासून हे दोघे साखळी-हॉटेलांत जेवतात, वाद घालतात आणि गुणांऐवजी पाचपैकी काटे देतात. हसून पोट दुखले!

मग भाचा ‘रूथ्स क्रिस’मध्ये घेऊन गेला. ५०० अंश फॅरनहाइटला तापवलेली त्याची बशी चरचरत आली. मी आपला भाजलेला बटाटा मागवला. भाचा सांगू लागला : १९६५ साली रूथ फर्टेल या दोन मुलांच्या आईने घर गहाण टाकून न्यू ऑर्लिन्समधले मूळ हॉटेल विकत घेतले.

माझे हसू ओसरले. पाटल्या गहाण टाकून आईने काढलेली खानावळ आठवली.

‘‘मामा, काटे किती?’’

‘‘चार. एक बिलाचा कापला.’’