हिरव्या पानाशी तडजोड

जिभेचे लाड आणि जिभेचा नकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण आपल्याकडे दोहोंना एकच नाव आहे, नखरे! मुलगा भाजी खात नसेल तर ‘त्याला नाही आवडत’ असे म्हणून घर मोकळे होते. मुलगी खात नसेल तर ‘सासरी गेल्यावर कळेल’ असे भविष्य वर्तवले जाते. मला लहानपणापासून पालेभाजी चालत नाही. शिजणाऱ्या मेथीचा वास आला की मी घराबाहेर, आणि पालकाचा तो बुळबुळीतपणा तर घशाखाली उतरतच नाही. मी सासरी गेले, नोकरीला लागले, चार पुस्तके शिकवू लागले. जीभ काही बदलली नाही.

खरा प्रश्न उभा राहिला तो दिवस गेल्यावर. आधीच नावडती भाजी, त्यात पहिल्या तीन महिन्यांच्या ओकाऱ्या. स्टाफरूममध्ये प्रत्येकीजवळ एक सल्ला होता आणि तो एकच होता : ‘पालेभाज्या खा.’ कन्नड विभागातील मैत्रिणीने तर ज्वारीच्या भाकरीबरोबर पुंडी पल्या आणून दिली. पाहते तो आमच्याकडची अंबाडीच! भाषा बदलली तरी पाने माझा पिच्छा सोडीनात.

पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात मी माहेरी, पांढुर्ण्याला आले. वृत्तपत्रांना हे गाव पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आठवते, ते जाम नदीतल्या गोटमारीमुळे. १९५६ च्या प्रांतरचनेत आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो आणि २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. घरात मराठी, दवाखान्यात हिंदी अशी आमची विभागणी आहे. तपासणीत हिमोग्लोबिन ९.२ निघाले. गरोदरपणी ते ११ च्या खाली गेले की रक्तक्षय समजतात. नर्सबाई म्हणाल्या, “खून कम है बाई, हरी सब्जी खाओ.” पुन्हा तेच!

पण ‘खा’ म्हणणाऱ्यांपैकी कोणीही ‘का’ हे सांगत नव्हते. ते शोधू लागले तेव्हा एक कथा हाती आली. १९२८ साली लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना एक भयंकर रक्तक्षय होत असे, त्याचे कारण तिला शोधायचे होते. या स्त्रियांच्या जेवणात फळे, भाज्या आणि प्रथिने फार कमी असल्याचे तिच्या ध्यानात आले. आणि तिने त्यांना बरे कशाने केले? पालकाने नव्हे, तर मार्माइट नावाच्या, यीस्टपासून केलेल्या, पावाला लावायच्या काळ्या लगद्याने! १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केले. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे काढण्यात आले. पानासाठी लॅटिन शब्द ‘फोलियम’, म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल. यीस्टमधला तो गुणकारी घटक हाच, हे मागाहून उलगडले.

मला यातून धीर आला. शरीराला पान नको आहे, पानातले द्रव्य हवे आहे. समोरचे दार बंद असेल तर परसदाराने जाता येते.

आणि आमच्याकडच्या स्वयंपाकात परसदारे पुष्कळ आहेत. तुरीची व हरभऱ्याची डाळ, हरभरे, भुईमुगाचे दाणे यांत फोलेट चांगले असते. आईने डाळभाजी केली. त्यात पालक इतका घोटला की डाळ हिरवट दिसे, पण बुळबुळीत पान दातांखाली येत नसे. धोप्याच्या पानांची वडी (तुमच्या भागात अळूवडी) बेसनात दडून आली. सांबारवडी आली. इकडच्या वाचकांनी गोंधळू नये : आमच्या बाजूला सांबार म्हणजे कोथिंबीर! तळणामुळे जीवनसत्त्वांचा काही भाग जातो हे खरे, पण पोटात न गेलेल्या भाजीतले तर सगळेच वाया जाते. पौष लागला होता, तुरीचे सोले बाजारात होते, तेव्हा सोलेभातही झाला.

मोठा आधार मात्र संत्र्याने दिला. वनस्पतींमधले लोह शरीर नाखुशीने घेते. सोबत ‘क’ जीवनसत्त्व असेल तर अधिक घेते. आंबिया बहाराचा हंगाम होता आणि संत्री घरोघर होती. आजीचे म्हणणे, “थंडीत संत्रं कायले खातं वो, लेकराले सर्दी होईन.” मी जेवण झाले की एक संत्रे खाई आणि जेवणाला लागून येणारा चहा दोन तास पुढे ढकली, कारण चहा लोहाला अडवतो. आजीने आठवडाभर अबोला धरला, मग स्वतःच सोलून देऊ लागली.

अर्थात सगळे श्रेय स्वयंपाकघराला देणे खोटेपणाचे होईल. रोज एक लाल गोळी मी घेतलीच : लोह ६० मिलिग्रॅम, फोलिक आम्ल ५०० मायक्रोग्रॅम. चौथ्या महिन्यापासून १८० दिवस ही गोळी सरकार देते. तिने मळमळते, शौच काळे होते, म्हणून कित्येक बायका ती उशाखाली ठेवून देतात. विद्यार्थिनींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बाळाच्या मेंदूची व मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत मिटते. तोवर पुष्कळींना दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. म्हणून ४०० मायक्रोग्रॅम फोलिक आम्ल मूल हवे असे ठरताच सुरू करायचे असते. ही उणीव पुढे सहा महिने पालक खाऊन भरून निघत नाही.

बाळंतपणाच्या आठवड्यात माझे हिमोग्लोबिन १०.८ होते. ११ नव्हे, पण बाळ नीट आले, मीही नीट उठले.

दवाखान्याच्या त्याच बाकावर माझ्याशेजारी संत्र्याच्या बागेत तोडणीला जाणारी एक बाई बसे. तिचे हिमोग्लोबिन माझ्याहून कमी होते. मी तिला विचारले, “तुम्हाला कोणती भाजी आवडत नाही?” ती हसली. म्हणाली, “बाई, सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात जे राह्यते, ते आवडते.” मुंबईच्या गिरणीतल्या त्या स्त्रियांची यादी करताना विल्सबाईंनी जे पाहिले असेल, ते मला तेव्हा दिसले. माझ्या जिभेला नकार देता येत होता, कारण माझ्या ताटात भाजी पडत होती.

तेव्हा गरोदर बाईला ‘पालेभाजी खा’ असे सांगणाऱ्यांनी आधी दोन गोष्टी विचाराव्यात. तिला ती कोणत्या रूपात चालते? आणि घरात ती जेवायला कितवी बसते? पहिल्याचे उत्तर स्वयंपाकघरात सापडते. दुसऱ्याचे उत्तर पंगतीत शोधावे लागेल, आणि ते आपणा शिकल्यासवरल्यांच्या घरातूनही शोधावे लागेल.