मंडईच्या वाटेवर

भाऊबीज आली की मी नागपूरहून भंडाऱ्याची एस. टी. पकडतो. साठेक किलोमीटरची वाट. कार्तिक लागलेला असतो, रस्त्याच्या दोन्ही अंगांना धानाच्या बांध्या पिवळ्या पडलेल्या असतात. कुठे कापणी चाललेली, कुठे पुंजणे रचलेले. हे गाव एके काळी पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. आमच्या घरची पाण्याची घागर तिथलीच. तिला पोचे पुष्कळ पडले, पण अजून गळत नाही.

गेल्या भाऊबीजेला बहिणीच्या दारात पाऊल टाकले, तो अंगणात नवी कोरी मोटारसायकल उभी! हँडलला झेंडूची माळ, चाकाखाली चिरडलेले लिंबू. भाचा फडक्याने तिचे अंग पुसत होता. नोकरीच्या पहिल्या वर्षातली कमाई ती.

"मामाजी, उद्या तुमाले मंडईले नेतो गाडीवर!" त्याने नमस्काराच्या आधीच जाहीर केले.

पुण्यामुंबईच्या वाचकांना मंडई म्हटले की वांगी-बटाटे आठवतील. पण झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्वेकडचा भाग या मुलखात, मंडई ही दिवाळीनंतरची जत्रा. आज या गावची, उद्या त्या गावची. दुपारी दंडार, रात्री नाटक, आणि ते नाटक पहाटेपर्यंत. लेकी माहेरी येतात, घरोघर पाहुणे उतरतात, आणि उपवर मुलामुलींच्या गोष्टीही इथेच निघतात. आमच्या चिरंजीवांनी काळा चष्मा, कातडी जाकीट आणि केसांचा तो उंच तुरा कशासाठी जमवला होता, हे आता सांगायला नको. हेल्मेट मात्र नव्हते.

"कावून रे?" मी विचारले.

"ते घातलं त कोणी ओळखत नाही ना, मामाजी! केसही बसून जातात."

संध्याकाळी बहिणीने ओवाळले. मी पाकीट काढले, तशी ती म्हणाली, "दादा, साडी नको. याच्या डोक्याचं काही कर."

ती हे बोलली त्याला कारण होते. त्यांच्या गल्लीत एक मुलगा दिवसभर ओट्यावर बसून असतो. आदल्या वर्षी मंडईहून परतताना त्याची गाडी घसरली. वेग फार नव्हता. हेल्मेट होते, पण टाकीवर ठेवलेले. हातपाय धड राहिले. आईला मात्र तो कधी आई म्हणतो, कधी नुसता हसतो. ओवाळणी झाल्यावर माझी बहीण त्याच्यासाठी करंज्या घेऊन गेली. मी बरोबर गेलो आणि लवकर परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा-भाचे बाजारात. भाच्याला आवडली ती एक चकचकीत टोपी, कवटीचे चित्र असलेली. हातात घेतली तर पुठ्ठ्यासारखी, आत नुसता स्पंज. १ जून २०२१ पासून आय. एस. आय. शिक्क्याविना हेल्मेट विकायला आपल्याकडे बंदी आहे, पण बंदीचे काय होते ते आपण जाणतोच! खऱ्या हेल्मेटात कठीण कवचाच्या आत थर्माकोलचा जाड थर असतो. गाडीवरून पडल्यावर तो थर स्वतः चेपतो आणि डोक्याला बसणारा धक्का पिऊन टाकतो. बंडीवरून तणसाच्या ढिगावर उडी मारणाऱ्या पोराला लागत नाही, त्यातलाच प्रकार. म्हणून एकदा जोराचा मार खाल्लेले हेल्मेट वरून धड दिसले तरी टाकून द्यावे. आमच्या घागरीचा न्याय इथे चालत नाही.

दुकानात मी त्याला अरबस्तानच्या लॉरेन्सची हकीगत सांगितली. १९३५ साली, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना हा नामांकित वीर मोटारसायकलवरून उडाला आणि सहा दिवसांनी डोक्याच्या जखमेने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या मनातून तो मृत्यू गेला नाही. त्यांनी लष्करातल्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला, आणि १९४१ मध्ये ब्रिटिश सैन्याने आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचे केले.

"म्हणजे पयले मिलिटरीवाले घालत होते?" भाच्याचा चेहरा जरा खुलला. केर्न्ससाहेबांपेक्षा हाच मुद्दा अधिक कामी आला, हे कबूल केले पाहिजे.

आम्ही दोन घेतली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगितले आहे, आणि हनुवटीखालचा पट्टा बांधलेला असावा असेही. नुसते डोक्यावर ठेवलेले हेल्मेट पहिल्या धक्क्याला डोके सोडून जाते. बंद बूट भाच्याकडे होतेच. चपला घरी ठेवायला लावल्या. जाकिटाबद्दल मी चकार शब्द काढला नाही. पडलेच तर कातडे कातड्याच्या कामी येते.

संध्याकाळी कारध्याला वैनगंगा ओलांडली. उजेड होता तोवर सारे सुरेख होते. अंधार पडला तशी मंडईच्या वाटेची दुसरी बाजू दिसू लागली. हमरस्त्यावर मोठमोठे ट्रक. आत वळावे तर धानाची पोती लादलेले ट्रॅक्टर, मागे लाल दिवा नाही. मधूनच एखादी बंडी. आणि त्यांच्यामधून तिघेतिघे बसलेली पोरे, उघड्या डोक्यांनी, गाणी म्हणत!

मंडईत मित्रांनी भाच्याला घेरले. "का बे, चंद्रावर चालला का?" तो ओशाळला. हेल्मेट माझ्या मांडीवर देऊन गर्दीत गेला, केस सारखे करीत. मीही काही बोललो नाही. नाटक मात्र झकास झाले. शेवटच्या अंकात खलनायकाला शिव्या देण्यात मीही मागे नव्हतो.

पहाटे निघालो तेव्हा हवेत बोचरा गारठा होता आणि डोळ्यांवर झोप. भाच्याने हेल्मेट मागून घेतले, पट्टा खटकन लावला. "कान गरम राहतात, मामाजी," तो म्हणाला. कारण कोणते का असेना! हमरस्त्याला लागण्याआधी धुक्यातून एकाएकी ट्रॉलीची काळी पाठ पुढे आली, दिवा नसलेली. त्याने ब्रेक दाबला, चाक थोडे सरकले, गाडी हातभर अंतरावर थांबली. मग पुलापर्यंत आम्ही दोघे काही बोललो नाही.

घरी पोचलो तो बहीण दारातच उभी. तिने गाडीकडे पाहिले नाही. आमच्या दोघांच्या डोक्यांकडे पाहिले, आणि चहाचे आधण ठेवायला आत गेली.