अम्मीसाठी कोणतं जहाज?

क्रूझच्या जाहिरातीत 'फॅमिली' हा शब्द हमखास असतो. चित्रातली माणसंही ठरलेली: नवरा, बायको, दोन गोरी मुलं आणि मागे पाण्याची घसरगुंडी. आमच्या घरात फॅमिली म्हटलं की चौऱ्याहत्तर वर्षांची अम्मी येते, तिचे गुडघे येतात, पाच वेळची नमाज येते, आपाची तीन मुलं येतात आणि ताटाच्या आधी हलालचा प्रश्न येतो. अम्मीला एकदा मोठ्या जहाजातून फिरवून आणायचं असं आम्हा भावंडांचं ठरलं, आणि मग कोणतं जहाज यावर व्हॉट्सअ‍ॅपवर तीन आठवडे वाद चालला. दुबईतला धाकटा भाऊ म्हणत होता, तिकडेच या. हिवाळ्यात एमएससीची जहाजं दुबईहून आठवड्याची फेरी करतात. आपाला सिंगापूर हवं होतं. मी मुंबईच्या बाजूने होतो, म्हणजे कॉर्डेलियाच्या, दोन-तीन रात्रींच्या गोवा फेरीच्या.

'एम्प्रेस' हे जहाज नवं नाही. 1990 मध्ये फ्रान्समधल्या सेंट नझेरच्या गोदीत ते 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियनसाठी बांधलं गेलं, आणि तेही मुद्दाम तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच. 2021 पासून ते कॉर्डेलियाच्या नावाने मुंबईहून निघतं. आकार सुमारे 48 हजार टन. रॉयल कॅरिबियनचं, पूर्वी सिंगापूरहून जाणारं 'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' 2019 चं आणि जवळपास 1 लाख 69 हजार टनांचं आहे. त्यावर लाटांवर घसरायचं यंत्र आहे, हवेत तरंगायची नळी आहे, टकरीच्या गाड्या आहेत. एम्प्रेसवर पोहण्याचा तलाव, चढायची भिंत आणि मुलांसाठी एक खोली. आपाच्या मुलांनी दोन्हीकडचे व्हिडिओ पाहिले आणि कोणाला मत द्यायचं ते क्षणात ठरवलं. दोष त्यांचा नाही.

पण कागद काढून हिशेब मांडला की चित्र बदलतं. मुंबईहून गोव्याला जायला पासपोर्ट लागत नाही, आधार पुरतं. सिंगापूरला व्हिसा लागतो आणि तोही एकाहून जास्त वेळा प्रवेशाचा, कारण जहाज पिनांग-फुकेत करून परत सिंगापुरातच येतं. वर विमानाची तिकिटं. शिवाय परदेशी कंपन्या बक्षिशी रोजच्या हिशेबाने लावतात, रॉयल कॅरिबियनवर माणशी दिवसाला ठरावीक डॉलर, आणि त्यात लहान मूलही माणूस धरलं जातं. सात माणसं, चार रात्री. बाकीचा गुणाकार दुल्हेभाईंनी केला आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मुंबईचं जहाजही जाहिरातीतल्या आकड्यात पडत नाही म्हणा. बंदराचं शुल्क, बक्षिशी, कर असं शेपूट त्यालाही आहे. एका खोलीत तिसरा-चौथा माणूस स्वस्तात बसतो, पण खोल्या अशा की एकाने नमाज पढायची तर बाकीच्यांनी पलंगावर पाय वर घेऊन बसायचं.

आता जेवण. सिंगापूरहून जाणाऱ्या 'गेंटिंग ड्रीम'कडे हलाल-स्नेही जहाज असल्याचं रीतसर प्रमाणपत्र आहे, हलाल स्वयंपाकघर वेगळं आहे. त्याच जहाजावर मोठा कसिनोही आहे. उलट डिस्नेच्या जहाजांवर कसिनो मुळीच नसतो, आणि तिथली एक पद्धत मला फार आवडली: दर रात्री कुटुंब वेगळ्या जेवणघरात जातं, पण वाढणारी माणसं तीच, तुमच्याबरोबर फिरणारी. एकदा सांगितलेलं पथ्य पुन्हा सांगावं लागत नाही. दुबईहून निघणाऱ्या युरोपीय जहाजावर बुफेत डुकराचं मांस असतं. पाट्या वाचत पुढे सरकायचं. भाऊ म्हणतो त्याची सवय होते. अम्मीला नसती झाली.

मुंबईच्या जहाजावर जैन जेवण मिळतं आणि ते ठळकपणे सांगितलं जातं. ते काही कंपनीच्या मनात आपोआप उगवलं नसणार. जैन प्रवासी पैसे भरण्याआधी विचारतात, एकदा नाही, दहादा विचारतात. आपण विचारायलाच संकोचतो. उगाच वेगळं कशाला दिसायचं म्हणून गुपचूप डाळ-भात वाढून घेतो आणि घरी येऊन कुरकुरतो. मी या वेळी मांस कुठलं, हलाल आहे का, हे ईमेलवर विचारलं आणि लेखी उत्तर येईपर्यंत पैसे भरले नाहीत. तरी दुल्हेभाईंनी कोंबडीला हात लावला नाही. ते नांदेडचे, हनफी. आम्ही कोकणातले शाफई, समुद्रातलं सगळं आम्हाला चालतं. आम्ही खेकडा फोडत बसलो आणि ते पनीर खात आमच्याकडे बघत राहिले. चौदाशे वर्षांची फिक्ह एका टेबलावर मावते ती अशी.

नमाजेचं गणित जहाजावर निराळंच असतं. फोनमधला होकायंत्राचा काटा लोखंडी जहाजात भरवशाचा राहत नाही. मी सोपा हिशेब केला होता. गोव्याकडे जाताना जहाजाचं तोंड दक्षिणेला, म्हणजे किब्ला उजव्या हाताला, परतताना डाव्या. (सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीतून पिनांगकडे जाताना तो जवळजवळ समोरच येतो.) प्रवासात आम्ही जोहर-असर आणि मगरिब-इशा जोडून, कसर करून पढतो. दुल्हेभाई कसर करतात पण जोडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाट्याला जास्त वेळा ती अरुंद खोली. आठवड्याच्या जहाजावर हे सगळं सात दिवस. दोन-तीन रात्रींत ते निभतं.

निभत नाही तो आवाज. संध्याकाळ झाली की वरच्या डेकवर डीजे सुरू. बुफेला रांग, लिफ्टला रांग, आणि कसिनोच्या आसपास सिगारेटचा वास. शांतता हवी असणाऱ्याने शनिवार-रविवारची फेरी घेऊच नये. भाची तेराची, तिच्या अंगभर पोहण्याच्या पोशाखाचं काय होईल ही आपाला धास्ती होती. तलावावरच्या माणसाने कापड कसलं एवढंच पाहिलं आणि मान हलवली. गुजराती आज्यांच्या घोळक्यात अम्मीची बैठक जमली. विषय सुना. बुरखा आणि साडीचा पदर यांच्यात तिथं काही आडवं आलं नाही, आणि भाषेचीही अडचण आली नाही. सिंगापूरच्या जहाजावर ती दिवसभर आमच्या तोंडाकडे बघत बसली असती. मुंबईच्या बाजूने माझं खरं कारण हेच होतं, पण वादात मी व्हिसा आणि डॉलरच पुढे करत होतो.

अम्मी 'क्रूझ' म्हणत नाही, बोट म्हणते. लहानपणी ती जयगडहून मुंबईला बोटीनेच यायची. बोट खोल पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडावात बसून तिथवर जायचं, मग ट्रंका, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या आणि माणसं एकाच गतीने वर चढवायची. पावसाळ्यात बोटी बंद. डेकवर चटई टाकून झोपायचं, आणि बोट लागली की सगळ्यांना एकदम लागायची. आमच्या घरातून हजला गेलेली जुनी माणसंही मुंबईहून जहाजानेच गेली. ती वाट 1995 पर्यंत चालू होती. त्यामुळे समुद्राचं अप्रूप तिला नव्हतं. अप्रूप होतं ते जहाजात पांढरी चादर, गरम पाणी आणि स्वतःचं संडास असण्याचं.

पहिल्या रात्री ती शाल घेऊन डेकवर आली. जयगड कुठल्या बाजूला, तिने विचारलं. मी म्हटलं, डावीकडे. उजव्या हाताला मक्का, डाव्या हाताला जयगड. ती डाव्या कठड्याला धरून उभी राहिली. अंधारात मच्छीमारांचे दिवे होते, दुसरं काही नाही. 'थांबत नाही का ही तिथं?' नाही थांबत. दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, जिथं जिथं तिची बोट थांबायची, त्यातलं एकही बंदर या जहाजाच्या वेळापत्रकात नाही. कोकणाच्या अंगणातून जाणारं हे जहाज कोकण्याला घेतंही नाही आणि उतरवतही नाही. मोठ्या प्रवासी जहाजासाठी तिथं धक्का नाही हे कारण खरं आहे. पण तिच्या बोटीलाही धक्का नव्हताच.

आपा मुलांना घेऊन डिसेंबरात सिंगापूरला जाणार आहे, आणि तिनं जावं. मुलांसाठी ते जहाज चांगलं आहे. गेंटिंग की रॉयल, एवढाच प्रश्न उरलाय. मी गेंटिंग म्हणतोय, जेवणासाठी. अम्मीला मुंबईचं जहाज लक्षद्वीपलाही जातं असं कोणीतरी सांगितलंय. तिथे लोक जवळपास सगळे मुसलमान, तेही आपल्यासारखे शाफई, आणि आगत्तीला जहाज बाहेर उभं राहतं, मग लहान होडीतून किनाऱ्याला जायचं. होडीचं ऐकल्यापासून ती गुडघ्यांचं नाव काढत नाही. डॉक्टरांना विचारायचं काम माझ्याकडे आलंय.