टोकाशी उरलेली वीज

विजेचे सामर्थ्य पाहायचे तर मोठमोठे मनोरे पाहावेत. पण तिचा स्वभाव जाणून घ्यायचा असेल, तर पाच-बारा व्होल्टांची लांब तार आपल्या घराभोवती फिरवून पाहावी, असे आमचे मत होत चालले आहे.

बडोद्यात राहणाऱ्याला विश्वामित्रीचा विसर पडून चालत नाही. पावागडाकडून येणारी ही नदी एरवी ओढ्याएवढी. परगावी तिची ख्याती काय ती मगरींमुळे. परंतु ऑगस्ट २०२४ मध्ये २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ती ३५ फुटांच्याही वर गेली आणि अनेक वस्त्या दोन-तीन दिवस पाण्यात राहिल्या. आमच्या आईची खोली तळमजल्यावर. तिला ऐकू कमी येते, जिना चढायला वेळ लागतो. पाणी उंबऱ्याशी येण्याआधी, ते फाटकाशी असतानाच आम्हांला वर कळावे, एवढ्यासाठी फाटक, गटाराचे तोंड, जमिनीखालची टाकी आणि मीटरची पेटी अशा चार ठिकाणी आम्ही पाण्याची पातळी ओळखणारे सेन्सर बसवले.

ओल्या अंगणात २३० व्होल्टांची तार नेणे म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून कमी दाबाची वीज घेतली. पण कमी दाबाला अंतर सोसत नाही. संगणकाच्या जाळ्यासाठी वापरतात त्या केबलमधील बारीक तारेचा रोध शंभर मीटरला आठ-साडेआठ ओहम असतो. फाटक साठ मीटरांवर. वीज जाते तशी परतही येते, म्हणजे वाट १२० मीटरांची आणि रोध सुमारे दहा ओहम. पाच व्होल्टांवर २०० मिलिअँपिअर प्रवाह पाठवला, तर दोन व्होल्ट वाटेतच खर्च होतात. हे गणित ऐकून आई म्हणाली, “अरे, यात नवीन ते काय? नळाचं पाणी शेवटच्या घरी कमीच येतं.”

या अडचणीने थोरामोठ्यांनाही सोडलेले नाही. एडिसनने १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर ११० व्होल्टांचे एकदिश वीजकेंद्र उभारले. त्याची वीज दीड-दोन किलोमीटरांपलीकडे नेणे परवडत नसे. दाब वाढवला की तेवढ्याच कामाला प्रवाह कमी लागतो आणि वाटेतली गळती घटते, हा त्यावरचा उपाय. आम्हीही तारेत बारा व्होल्ट सोडले आणि प्रत्येक सेन्सरपाशी ते पाचावर उतरवणारी लहानशी पट्टी बसवली. आता वाटेत जेमतेम एक व्होल्ट जातो. फाटकाशी अकरा उरतात आणि सेन्सरला त्याचे पाच पुरेपूर मिळतात.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. पूर आला की सुरक्षिततेसाठी वीजपुरवठा बंद करतात. म्हणजे ज्या घटकेला पहारा हवा, त्याच घटकेला घरातली वीज नसते. म्हणून सात अँपिअर-तासांची बॅटरी वरच्या मजल्यावरील माळ्यावर ठेवली. एकूण प्रवाह सरासरी १०० मिलिअँपिअरच्या आत राखला, तर ती दोन दिवस तरी तग धरते. तिच्या तोंडाशीच फ्यूज आहे. कारण बारा व्होल्टांचा झटका बसत नसला, तरी दोन तारा एकमेकींस चिकटल्या की आग लागू शकते. सांधे जमिनीपासून उंच व बंद डबीत ठेवले, कारण ओलीत तांब्याला कळंक चढतो आणि तेवढ्याने रोध वाढतो.

व्यवस्था नीट चालली आहे की नाही, हे बॅटरीपाशी उभे राहून कळत नाही. तेथे बारा व्होल्ट असतातच. मोजायचे ते शेवटच्या टोकाशी. पुराच्या इशाऱ्यांचेही असेच आहे. ते निघाले केव्हा यापेक्षा गल्लीच्या अखेरच्या घरातील, ऐकू न येणाऱ्या माणसापर्यंत पोहोचले का, हे महत्त्वाचे. म्हणून मृग लागण्यापूर्वी आम्ही मीटर घेऊन फाटकाशी जातो, सेन्सर पाण्यात बुडवतो आणि वर घंटा वाजते की नाही ते पाहतो. त्यानंतरच पावसाची वाट पाहण्याचे आम्हांला धैर्य होते.