वाऱ्याचा वाटा

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीत वारा एकट्याने खाता येत नसे. चाळीची बांधणीच तशी होती. मधोमध लांबलचक बोळ, दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या, तळमजला धरून चार मजले, म्हणजे एका चाळीत ऐंशी बिऱ्हाडं. खोली १६० चौरस फुटांची. खिडकी बाहेर, दार बोळात. खिडकीतून आलेला वारा पुढे सरकायचा तर समोरच्या बिऱ्हाडाचं दार उघडं हवं, त्यांची खिडकीही. त्यामुळे मार्च ते जून समोरच्यांशी अबोला धरणं परवडत नसे. नळावरून आईचं आणि समोरच्या काकूंचं वाजलं की दोन्ही दारं धाडकन लागायची. तासाभरात दोन्ही घरचे बाप्ये निथळत म्हणायचे, "आता उघडा की!"

वडील गिरणीत साचेखात्यात होते. सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवत. हवेतल्या पाण्याची काळजी सुतासाठी, घाम माणसांचा. अशा ठिकाणी आठ तास काढून आलेल्या माणसाला घरात वारा हक्काचा. टेबलफॅनचं तोंड त्यांच्याकडे असे, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण आईने स्टोव्ह पेटवला की फॅन बंद, कारण ज्योत फडफडायची. म्हणजे घरात सगळ्यात जास्त उकाडा असायचा त्या वेळी, आणि सगळ्यात जास्त उकडायचं त्या माणसाजवळ, वारा मुळी नसायचाच.

रात्री वाटणी आणखी उघड व्हायची. वडील आणि भाऊ चटया-उश्या काखोटीला मारून गच्चीवर, तिथे जागा नसली तर खाली फुटपाथवर. आम्ही बायका-मुली आत. दिवसभर तापलेल्या काँक्रीटच्या भिंती अंधार पडल्यावर ऊब सोडायला लागायच्या. भूगोलाच्या पुस्तकात खारे वारे आणि मतलई वारे होते. दिवसा समुद्राकडून, रात्री जमिनीकडून. पाठ करून मार्क मिळवले, पण दोन्ही वारे आमच्या मोरीपर्यंत पोचले नाहीत. चाळीतल्या मोकळ्या झोपेच्या आठवणी मी पुष्कळ वाचल्या आहेत. त्या लिहिणारे बहुतेक गच्चीवर झोपणारे होते.

लग्न होऊन गिरगावात आले. सँडहर्स्ट रोडपासून जवळच, दोन खोल्या आणि पुढे सामाईक गॅलरी. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्यांत समुद्राचा वारा शिरावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड पाडले. त्यासाठी किती संसार उठले, ते निराळं. पण वाऱ्यासाठी रस्ता बांधायचा, ही कल्पना मला आजही आवडते. तो वारा आमच्या गॅलरीपर्यंत खरोखरच यायचा. तिथे आरामखुर्ची होती, खुर्चीत सासरे. स्वयंपाकघर मागे. त्याची खिडकी घरगल्लीवर, आणि घरगल्लीचा वास व घुशी घरात नको म्हणून ती कायमची बंद. ट्रस्टने समुद्राचा वारा चौपाटीवरून गॅलरीत आणून सोडला, तिथून ओट्यापर्यंतचे पंधरा फूट कुणीच पाहिले नाहीत.

थंडीचं तेवढं सोपं होतं. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ अंशांवर उतरला होता, पण असले दिवस मुंबईच्या वाट्याला कधीतरीच. एक जास्तीची गोधडी काढली की आमची सोय झाली.

पुढे दादरला, वरच्या मजल्यावर. आता डोक्यावर स्लॅब. गच्चीवर पांढरं चायना मोझेक बसवून घेताना सोसायटीच्या दोन सभा भांडणात गेल्या, पण नंतर छताला हात लावला तर चटका बसेना. जुने पंचाहत्तर वॅटचे पंखे काढून तीसेक वॅटचे लावले. नागपूरच्या जाऊबाई "कूलर घ्या ना" म्हणायच्या. तिकडच्या कोरड्या हवेत कूलरचं पाणी उडून जातं आणि गारवा येतो. इथे हवेतच एवढं पाणी, की घाम उडत नाही. त्यात आणखी पाणी कुठे घालायचं? मुंबईत अंगावरून हवा सरकत राहिली पाहिजे, बस.

मग बेडरूमला एसी आला. नवे एसी २०२० पासून २४ अंशांवर लावूनच येतात, ते मुलाला गरम वाटायचं, यांना गार. त्या तहात मी पडले नाही. माझा वाद दुसराच होता. एसीचं बाहेरचं यंत्र कारागिराने सोयीचं म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीखाली टांगलं होतं. बेडरूममधली उष्णता उपसून तो गरम झोत माझ्या पोळ्यांवर! मी ते हलवायला लावलं. जास्तीची तांब्याची नळी लागली, खर्च झाला, घरात कुरकुर झाली. "तू दिवसभर थोडीच उभी असतेस तिथे?" मी म्हटलं, रविवारी तुम्ही उभे राहा. त्या रविवारी पोहे झाले, पोळ्या नाहीत.

त्यानंतर ओट्यावर, भिंतीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट बसवला. नुसता बसवून भागत नाही. समोरून हवा आत यायला वाट नसेल तर तो जागच्या जागी भुणभुणत राहतो. म्हणून हॉलकडचं दार उघडं ठेवते. एक छोटा पंखा पाठीमागे, कंबरेच्या उंचीवर, म्हणजे वारा पाठीला लागतो आणि ज्योत हलत नाही. आईला हे सुचलं नसतं असं नाही. १६० चौरस फुटांत पाठीमागे जागाच नव्हती.

वरळीच्या बीडीडीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पुनर्विकासातल्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, त्यात माझा चुलतभाऊही आहे. ५०० चौरस फुटांचं घर. त्याने मोठ्या हौसेने दाखवलं: हॉलमध्ये एसी इथे, बेडरूममध्ये तिथे. मी विचारलं, एक्झॉस्ट कुठे लावणार? तो वहिनीकडे बघायला लागला. वहिनी म्हणाली, "ते मी आधीच बघून ठेवलंय, यांचा एसी नंतर."