बिच्छू

आमच्या गाडीच्या नाकावर विंचू आहे. खरा नव्हे, बिल्ल्यावरचा. २०२१ साली आम्ही ती दारात आणून उभी केली तेव्हा अम्मी ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला, गाडीभोवती एक नजर फिरवली आणि म्हणाल्या, "या अल्ला, पैसे देके बिच्छू लाया?" त्या दिवसापासून मोहल्ल्यात गाडीचं नाव 'बिच्छू' पडलं, ते आजतागायत.

आम्ही मिरजेत उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. बी.एड. झालो, तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढली, मग कायम झालो. अशा माणसाने कोणती गाडी घ्यावी हे समाजाने ठरवून ठेवलेलं असतं. रंगाने पांढरी, पेट्रोल कमी पिणारी, लग्नाला, मय्यतीला आणि बाजाराला सारखीच उपयोगी. आम्ही घेतली फियाटची अबार्थ पुंटो, तीही जुनी, २०१६ ची. त्यासाठी दोन भिशा उचलल्या. कमी पडले ते बेगमने आपल्या भिशीतून दिले आणि चार दिवस आमच्याशी बोलली नाही.

या विंचवाची हकीकत अशी. कार्लो अबार्थ नावाचा व्हिएन्नात जन्मलेला माणूस. त्याने १९४९ मध्ये इटलीत कंपनी काढली. त्याची रास वृश्चिक, म्हणून खूण विंचवाची. आमची गाडी मात्र इटलीची नव्हे, आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावची. २०१५ मध्ये ती बाजारात आली. इंजिन जेमतेम १३६८ सीसीचं, पण ताकद १४५ अश्वशक्ती. आता ती बनत नाही. दिसायला चार दारांची घरगुती गाडी, आणि स्वभाव मात्र दोरी तोडणाऱ्या बैलाचा.

तिच्यासोबत राहणं सोपं नाही. ती जमिनीला चिकटून चालते, आणि आमच्या भागात प्रत्येक वळणावर कुणीतरी स्वतःच्या खर्चाने गतिरोधक बांधलेला असतो. अम्मींना बसवलं की आम्ही प्रत्येक उंचवटा तिरका घेतो. गावात लिटरला नऊ-दहा किलोमीटर जाते. टायर स्वस्त नाहीत. शाळेच्या आवारात ती लावली की मुलं काचेला नाक लावून स्पीडोमीटरवरचा शेवटचा आकडा वाचतात आणि हेडमास्तर आमच्याकडे शिकवणी घेत असल्याच्या संशयाने पाहतात.

तिच्या ताकदीचं मर्म टर्बोत आहे. इंजिनातून जळून बाहेर पडणारा धूर एरवी वाया जातो. टर्बोत तो एका लहानशा चक्राला फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा म्हणजे जास्त प्राणवायू, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. ही चक्रं मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतात आणि दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. म्हणून जोरात पळवून आणलेली गाडी लगेच बंद करू नये, मिनिटभर नुसती चालू ठेवावी. आम्ही दारात तशी थांबलो की शेजारचे विचारतात, "सर, उतरते क्यूँ नहीं?"

इथवर ठीक होतं. पण माणसाचं मन भरत नाही. मिरजेत सूर लावणं म्हणजे सतार आणि तंबोरा. सतारमेकर गल्लीत घोडीवर जवारी काढणारा कारागीर केसाएवढं घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. आम्हाला मात्र गाडी ट्यून करायची होती ती एका दुपारात. २०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही पुण्यात एका दुकानात गेलो. तिथल्या मुलाने लॅपटॉप जोडला, इंजिनाच्या संगणकातला हिशेब बदलला, टर्बोचा दाब वाढवला आणि मूळ हिशेब पेनड्राइव्हवर घालून आमच्या हाती दिला. चांगलं पेट्रोल घाला, एवढं बजावलं. आम्ही मान डोलावली आणि वाटेत जो पंप आला तिथे साधं पेट्रोल भरलं. लिटरमागे चार पैसे वाचवायची मास्तरकीतली सवय.

भर दुपारी खंबाटकी घाट चढताना तिने दगा दिला, की आम्ही तिला, हे पुढे कळलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. मग ताकद गेली. पिवळा दिवा लागला. मागून मालट्रक हॉर्न मारत होते. मागच्या सीटवर दोन्ही मुलं होती. बेगम काही बोलली नाही. ती मोठ्याने बोलली असती तर बरं झालं असतं. मिरजेपर्यंत आम्ही चाळीसच्या वेगाने आलो.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी पंढरपूर रोडवरचं एक गॅरेज सुचवलं. खड्ड्यातून एक तरुण वर आला, हात पुसले आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम, सर. रोल नंबर ३१." चेहऱ्याआधी आम्हाला नंबर आठवला. मास्तरांचं असंच असतं.

त्याने स्कॅनर जोडला. आत जाणाऱ्या हवेचं तापमान सत्तरच्या वर दाखवत होतं. पुढचा बंपर खोलून त्याने इंटरकूलर दाखवला. त्याच्या जाळीत चिखल बसला होता, प्लास्टिकची पिशवी अडकली होती. मग तो आम्हाला समजावू लागला.

"सर, हवा दबी तो तपती. इधर ठंडी होके अंदर जाना. नहीं हुई तो पेट्रोल अपने आप ही भडकता. वोच आवाज. इंजन को कान होता सर, सेन्सर. वो सुनके ठिणगी पीछे लेता, इसलिए ताक़त गई. इंजन ने अपने को बचाया."

तो बोलत होता आणि आम्ही त्याच्या तोंडाकडे पाहत होतो. कारण हे वाक्य आम्ही आधी ऐकलं होतं.

२०१४ साल. इयत्ता नववी. आम्ही उष्णता शिकवत होतो. ३१ ने हात वर केला. "सर, सायकिल में हवा मारते वक़्त पंप नीचे से गरम क्यूँ होता?" आम्ही म्हणालो, घर्षणाने. तो बसला नाही. म्हणाला, "लेकिन सर, घासता पूरा पंप, गरम नीचेच जास्ती होता. हवा दबती इसलिए तपती क्या?" वर्ग हसला. आम्हाला वाटलं, आम्हालाच हसला. "ये सिलेबस में नहीं है," असं म्हणून आम्ही त्याला तास संपेपर्यंत बाहेर उभं केलं. खरं कारण एवढंच, की उत्तर आम्हाला ठाऊक नव्हतं. त्याला ते जवळजवळ ठाऊक होतं. पुढेही आम्ही ते कधी शोधलं नाही.

त्या वर्षी तो नापास झाला. त्याचे वडील दाखला न्यायला आले. वर्गशिक्षक म्हणून आम्हीच तो लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. एका वाक्यानेही आम्ही त्यांना थांबवलं नाही. उर्दू शाळांतली गळती या विषयावर आम्ही पुढे दोन चर्चासत्रांत बोललो, टाळ्याही घेतल्या.

"तुला तो पंप आठवतो का?" आम्ही विचारलं. तो हसला. "कौन सा पंप, सर?" त्याला वेगळंच आठवत होतं. आम्ही एकदा मॅग्नेशियमची फीत जाळून दाखवली होती. "कितनी सफ़ेद रोशनी थी सर वो!"

मग आम्ही त्याला सगळं सांगितलं. बाहेर उभं केल्याचं, आणि उत्तर येत नसल्याचंही. तो अवघडला. हातातला पाना फडक्याने बराच वेळ पुसत राहिला. म्हणाला, "अब तो मालूम है ना, सर."

त्याने इंटरकूलर धुतला आणि मित्राचं यंत्र आणून मूळ हिशेब गाडीत परत घातला. आमच्यातला लोभ तेव्हाही मेला नव्हता. विचारलं, थोडा दाब ठेवता येईल का? "येता सर. लेकिन मिरज के रस्ते पे करेंगे क्या?" मजुरी मात्र त्याने पूर्ण घेतली, आणि ते आम्हाला फार बरं वाटलं.

यंदा त्याने दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला आहे. दर रविवारी तो आमच्याकडे येतो. बीजगणित त्याला पटापट जमतं, मराठीचा निबंध जमत नाही. जोडाक्षरं लिहिताना तो घाटात आम्ही चालवली तशी गाडी चालवतो. आम्ही घाई करत नाही.

नववीच्या वर्गात आता टेबलावर सायकलचा पंप असतो. उष्णतेचा धडा आला की तो बाकाबाकावरून फिरतो, प्रत्येकाने हवा मारून बोट लावून पाहायचं. गेल्या महिन्यात एका मुलीने विचारलं, "सर, तो फिर पहाड़ के ऊपर बिच्छू की ताक़त कम होती क्या? उधर तो हवाच पतली." उत्तर थोडंफार सुचलं होतं. पण टर्बो त्यातलं किती भरून काढतो, हे नक्की ठाऊक नव्हतं. आम्ही म्हणालो, "हमें पक्का मालूम नहीं. पूछ के बताते." वर्ग क्षणभर गप्प झाला. मास्तरांच्या तोंडून हे वाक्य त्यांनी ऐकलं नसावं.

त्या रविवारी निबंधाची वही उघडण्याआधी आम्ही ३१ ला तो प्रश्न विचारला.